डोमाजींचा दोर

माझे सासरे डोमाजी यांना जगात दोन गोष्टी सहन होत नसत. एक, बिनसाखरेचा चहा. दुसरी, झोल पडलेला दोर. चहा ते तोंड वाकडं करून का होईना पिऊन टाकत, पण कुठे सैल दोर दिसला की माणूस उठलाच. मग तो दोर कोणाचा, घर कोणाचं, आपण इथे मुलगी बघायला आलोय की मयताला, हे काही बघायचं नाही. पाहुणे म्हणून गेले तरी बसायच्या आधी खाटेच्या विणीवर थाप मारत. ढप्प असा आवाज आला की यजमानाची धडगत नसे. "हे खाट हाय का झोळी हाय?" असं म्हणून ते त्या बिचाऱ्याला उठवत, आणि चहा येईपर्यंत दोघं मिळून खाट आवळत.

स्वतःही तसेच होते. सत्तरीला टेकले तरी पाठीला बाक नव्हता. जमिनीवरची वस्तू उचलायची तर गुडघ्यात बसतील, पण कमरेत वाकणार नाहीत. गावात कोणी म्हणे डोमाजीने लाकूड गिळलंय. मला सुरुवातीला त्यांची भीती वाटायची, मग गंमत वाटायला लागली, आणि शेवटी जे वाटायला लागलं त्याला माया हाच शब्द आहे.

लग्न होऊन मी या घरात आले ते १९९४ साली. माझा नवरा प्रफुल जिल्हा परिषदेत नोकरीला, मी वर्ध्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आमचं दोन खोल्यांचं घर वर्ध्याला लागून, पिपरी मेघेत. सासू-सासरे मात्र गावी, समुद्रपूरच्या पुढे, जिथे एसटी सकाळी एकदा जाते आणि मनात आलं तर संध्याकाळी परत येते. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते, तशी मीही म्हणायची.

मामाजी पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी पिशवी ठेवली, पाणी प्यायले आणि थेट अंगणात गेले. तिथे कपडे वाळत घालायची तार होती. मी ती मुद्दाम जरा सैल बांधलेली.

"काऊन व हर्षा, तुमच्या कॉलेजात हेच शिकवतेत काय?" असं म्हणत त्यांनी ती तार आवळून आवळून अशी केली, की बोटाने छेडली तर सूर निघावा. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर ओली सतरंजी टाकली. भिंतीतला हूक प्लास्टरच्या ढलप्यासकट बाहेर आला आणि सतरंजी चिखलात पडली. मामाजी भिंतीजवळ गेले, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "मिस्तरीनं सिमेंट कमी घातलं."

मी हसू दाबत आत गेले. कारण हाच धडा मी दर जुलैत अकरावीच्या पोरांना शिकवायची. टांगलेली वस्तू खाली ओढली जाते. ती पडायची नसेल तर तेवढ्याच जोराने तिला कोणीतरी वर ओढायला हवं. आता दोर अगदी आडवा असेल तर तो डावीकडे ओढेल, उजवीकडे ओढेल, पण वर कोण ओढणार? म्हणून दोराला थोडं तरी झुकावंच लागतं. जितकं कमी झुकू द्याल तितका जास्त जोर त्याला लावावा लागतो, आणि तो जोर सतरंजीच्या वजनाच्या दहापट, वीसपट होऊन बसतो. पोरं हे पाठ करून मार्क मिळवत आणि विसरून जात. मी मामाजींना यातलं काही बोलले नाही. सासऱ्याला दोर शिकवणारी सून आमच्याकडे अजून जन्मायची होती.

कारण गावात दोर म्हणजे डोमाजी. दर माघ महिन्यात मारुतीच्या देवळात भागवत सप्ताह व्हायचा आणि शेवटच्या दिवशी गोपाळकाला. देवळासमोर लिंबाचं झाड आणि पलीकडे जाड लाकडी खांब, या दोघांमध्ये दोर ताणायचा, मधोमध काल्याची हंडी टांगायची. दही, ज्वारीच्या लाह्या, पेरूच्या फोडी. कीर्तनकार महाराज काठीने हंडी फोडत. हंडीच्या बरोबर खाली बायका पदर पसरून बसत. काला ज्या पदरात पडेल त्या घरी वर्षभर दह्यादुधाला तोटा नाही, असं मानत. दोर मामाजींच्या हातचा, म्हणून मधली जागा माझ्या सासूबाईंची, प्रमिलाबाईंची. तिथे दुसरी कोणी बसत नसे.

दोर ते स्वतः वळत. दिवाळीच्या सुमाराला अंबाडीचे दांडे पाण्यात कुजवायचे, सालीचे तंतू सोडवायचे, वाळवायचे आणि मग तीन पदरांचा पीळ. वळताना ते कोणाशी बोलत नसत. घरात पाहुणा आला तरी मान हलवून बस म्हणत आणि पीळ चालूच. मी तो दोर हातात घेऊन बघितला आहे. मनगटाएवढा नाही, अंगठ्याएवढा जाड, पण पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत पीळ एकसारखा.

आणि दोर बांधून झाला की नजर दिली जायची. हा आमच्या गावचाच प्रकार, दुसरीकडे मी ऐकला नाही. नजर देण्याचा मान अण्णाजींचा. त्यांचं गावात किराणा दुकान, हंडी आणि दही आजोबांपासून त्यांच्या घरचं. अण्णाजी देवळाच्या ओट्यावर उभे राहत, हातातली काठी डोळ्यांसमोर आडवी धरत, एक डोळा मिटत, आणि दोर काठीपासून किती बोटं खाली गेला ते मोजून ओरडून सांगत. दोर जितकी बोटं झुकेल तितक्या वेळा गावाला वर्षभरात कोणापुढे तरी मान झुकवावी लागते, अशी समजूत. एका बोटाची माफी होती. "एक बोट देवाचं," असं म्हणत. गावातली दहा-बारा माणसं जोर करून ओढत, डोमाजी गाठ मारत, आणि दरसाल एकच बोट निघे.

दोन हजार साली अण्णाजींनी दोन बोटं सांगितली.

कोणी हसलं नाही, तरी मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दोर वळणारे हात तेच होते, ओढणारे मात्र कमी झाले होते. पोरं वर्ध्याला, नागपूरला कामाला गेलेली. हे सगळ्यांना दिसत होतं, तरी मामाजींनी ते मनाला लावून घेतलं. त्या वर्षी त्यांनी दिवाळीपासून दोर वळला तो नेहमीपेक्षा मोठ्या मायेने. आणि काल्याच्या दिवशी गावातल्या तानबाला सांगून त्याचा ट्रॅक्टर दोर ओढायला लिंबापाशी आणवला.

मी त्या सकाळच्या एसटीने निघाले होते, पण गाडी वाटेत बंद पडली, त्यामुळे पोचले तेव्हा नजर देऊन झाली होती. लोक अजून बोलत होते. अण्णाजी ओट्यावरून ओरडले होते, "एक भी बोट नाई! सरळ!" टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ झाला होता म्हणे. मामाजी खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळ होता. मी वर बघितलं. सात-आठ किलोची हंडी आणि दोर असा सरळ, जसा फूटपट्टीने आखलाय. मी पायातली चप्पलही काढली नव्हती, तेवढ्यात महाराजांनी काठी उचलली.

फाट असा आवाज झाला. काठी बसली, पण हंडी फुटायच्या आधी दोर तुटला. हंडी खाली आली ती सासूबाईंच्या पुढ्यात, आणि लिंबाकडचं सुटलेलं टोक चाबकासारखं त्यांच्यावर आलं. त्यांनी तोंड वाचवायला हात वर केला म्हणून डोळा वाचला. मनगट मोडलं.

सेवाग्रामला नेऊन प्लास्टर केलं. हाड जुळलं, पण सासूबाई काही स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. प्लास्टरच्या हाताने शेण काढायच्या, शेळी बांधायच्या. मनगट शेवटी थोडं वाकडंच राहिलं. त्या नवऱ्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

बोलायला गाव होतं. डोमाजीचा हात म्हातारा झाला. डोमाजीचा दोर कच्चा निघाला. अंबाडी नीट कुजवली नसंन. मामाजींनी यातलं काही नाकारलं नाही, उलट त्यांचा स्वतःचाही तोच समज झाला. घरात उरलेली अंबाडी त्यांनी उकिरड्यावर टाकली. देवळावरून जायला नको म्हणून शेतात मागच्या वाटेने जायचे. घरी सासूबाईंच्या हाताला प्लास्टर, म्हणून हा माणूस, ज्याने जन्मात पाण्याचा पेला हाताने घेतला नव्हता, तो चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसला. त्यांच्या भाकरीला चार कोपरे असत. सासूबाई ती मुकाट्याने खात. मी रविवारी गेले की हे बघायची. खाटेच्या दोऱ्या सैल झाल्या होत्या, आणि मामाजी त्याच खाटेवर बसून राहत.

मला ते सहन होईना. दोर कच्चा नव्हता हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं: की दोर ट्रॅक्टरने तोडला, त्यांच्या हुकमाने. म्हणजे हात म्हातारा झाला हे खोटं, पण बायकोचं मनगट त्यांच्या हट्टापायी मोडलं हे खरं. यातलं कुठलं दुःख माणसाला कमी जड जाईल, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. प्रफुलला विचारलं तर तो म्हणाला, "राहू दे. बाबा म्हातारे झाले. कशाले उकरतं?" मी महिनाभर राहू दिलं. मग एका रविवारी राहवेना.

आधी मास्तरकी केली. कागद घेतला, हंडी काढली, दोन बाजूंना दोर, एक बाण खाली, दोन बाण तिरपे. कोन मोठा, कोन लहान. मामाजींनी शांतपणे सगळं बघितलं.

"हे बाण काऊन काढले?"

"ते जोर आहेत मामाजी. दोर इकडे ओढतो, इकडे ओढतो."

"दोराले हात असतेत काय?"

"नाही, पण..."

"बरं लिहितं," असं म्हणून ते उठले आणि गोठ्यात गेले. माझा धडा संपला.

मी चिडले. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. सात वर्षं शिकवते आणि घरातल्या एका माणसाला सांगता येत नाही! त्या रागातच मी खुंटीवरचा विहिरीचा दोर काढला, त्याच्या मधोमध पाण्याने भरलेला लोटा बांधला आणि अंगणातून हाक मारली.

"मामाजी, हे टोक धरा. जोर करून ओढा. दोर सरळ करून दाखवा मला. अण्णाजींनी एकही बोट सांगायला नको असा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सुनेला ऊन लागलं की काय. पण दोर सरळ कर म्हटल्यावर डोमाजीला नाही म्हणता येणार होतं थोडंच! त्यांनी टोक धरलं. मी दुसरं धरलं, डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, पाय रोवले. दोघं ओढायला लागलो. लोटा वर आला, वर आला, आणि थांबला. दोर मध्ये इतकासा खाली, लोट्याच्या गळ्यापाशी. मामाजींनी दात आवळले. मीही मागे रेलले. सासऱ्यासमोर ही अशी अंगणात रस्सीखेच खेळणारी सून बघायला शेजारची आनंदाबाई कुंपणावर येऊन उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. सासूबाई ओसरीत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्याही हसायला लागल्या. तिकडे मामाजींच्या कपाळावर शिरा उमटल्या, माझे तळहात सोलून निघाले, आणि लोटा आपला तसाच, दोघांना दाद न देता.

"होऊन नाई राह्यला," मामाजी धापा टाकत म्हणाले.

"होणारच नाही. तुम्ही आणि मी दोन माणसं, मध्ये एक लोटा. आता दोन पावलं पुढे या."

ते पुढे आले, मीही आले. दोर झुकला, लोटा खाली गेला, आणि हातातला सगळा जोर निघून गेला. दोन बोटांनी धरला तरी लोटा लोंबत राहिला. मामाजींनी परत मागे जाऊन बघितलं. हात भरून आला. परत पुढे आले. हलका झाला. चार-पाचदा ते असे मागे-पुढे झाले.

"बादली नेताना हेच होते," ओसरीतून सासूबाई म्हणाल्या. "दोघी जवळजवळ चाललो त काही नाई. तू दूर गेली का माहा खांदा निखळते."

मामाजींनी टोक सोडलं. लोटा आपटला, पाणी सांडलं.

"म्हणजे दोर कच्चा नोता?"

"नव्हता मामाजी. तुमच्या दोराने हंडीच्या वीसपट, तीसपट जोर सोसला. नंतर महाराजांची काठी बसली. कुठलाही दोर तुटला असता."

"लोकायनं ओढला तवा काऊन नाई तुटत होता?"

"लोकांचे हात थकतात. ते एक बोट सोडून देत होते. ट्रॅक्टर थकत नाही."

त्यांनी दोरातून लोटा सोडवून ओसरीत ठेवला. मग शेतात निघून गेले. मला वाटलं, मी हे वाईट केलं.

दिवेलागणीला आले. हातपाय धुतले, ओसरीत सासूबाईंच्या समोर बसले. मी आत भाकरी करत होते, तरी ऐकू येत होतं.

"प्रमिला, तुहा हात म्या मोडला."

"मले माहीत हाय."

"कवापासून?"

"तवापासूनच. दोर नुसता वाजून राह्यला होता वरतं. एक बोट देवाचं असते, तेही तुमी काढून घेतलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती त ऐकलं असतं काय?" सासूबाई म्हणाल्या. "चाला, जेवून घ्या. आज भाकर गोल हाय."

मी चुलीपाशी बसून रडले. धूर होता, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

त्या दिवाळीत मामाजींनी पुन्हा अंबाडी कुजवली. प्रफुलने फोनवर सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. मागून कळलं की ते स्वतः अण्णाजींच्या दुकानात गेले होते. गावात बोलणं चालू होतं की औंदा हिंगणघाटहून नायलॉनचा दोर आणावा. मामाजी म्हणाले, "दोर माहाच राहीन."

अण्णाजी भला माणूस. त्यांनी चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "डोमाजी, दोर लावाले कोणाची मनाई नाई. पण खाली बायका बसतेत. कोणी आता तुह्या दोराखाली बसन काय, हे तूच सांग."

मामाजी चहा तसाच ठेवून घरी आले, आणि आल्यावर दोर वळायला बसले. तेव्हापासून काल्यापर्यंत त्यांना एकच घोर होता. दोर टिकेल का हा नव्हे. त्याखाली कोणी बसेल का, हा.

काल्याच्या आदल्या दिवशीच मी रजा काढून गेले. मामाजींनी विचारलं, "किती बोटं सोडू?"

"बोटं नाही मामाजी. तीन हात."

त्यांनी डोळे मोठे केले. तीन हात म्हणजे आंधळ्यालाही दिसेल इतका झोल. मी म्हणाले, एवढा झोल दिला तर दोराला हंडीच्या दुप्पट-अडीचपट जोर पडेल, फार तर. तुमचा दोर हसत हसत सोशील. त्यांनी हात वर करून उंचीचा अंदाज घेतला. मग म्हणाले, "मंग हंडी खाली येईन. पोट्टे उडी मारून फोडतीन. टोकं वरतं न्या लागतीन, लिंबाच्या वरच्या फांदीले." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खांबही उंच लागणार होता. तो त्यांनी रात्रीच्या आत उभा करवला.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव जमला. दोर वर चढला, हंडी लोंबली, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. इतका झुकलेला दोर त्या देवळासमोर कोणी पाहिला नव्हता. अण्णाजी ओट्यावर चढले. त्यांनी काठी आडवी धरली, डोळा मिटला, आणि बिचारे तसेच उभे राहिले. बोटं पुरत नव्हती.

"अण्णाजी, राहू द्या," मामाजी म्हणाले. आवाज मोठा होता. "तीन हात झुकला हाय. म्या झुकवला. मागच्या साली दोर तुटला नाई. म्या तोडला. ट्रॅक्टर लावून तोडला. दोराचा दोष नोता."

महाराज काठी घेऊन उभे. मृदंगवाला मृदंगावर हात ठेवून उभा. हंडीखाली सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर एकही बाई नव्हती. सगळ्या देवळाच्या भिंतीला खेटून दाटीवाटीने बसलेल्या, जसं काही सतरंजीवर ऊन लागत होतं. मोकळी सतरंजी इतकी मोठी असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मामाजी तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

तेव्हा सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, नेहमी उठत तशा. बायकांच्या मधून वाट काढली, सतरंजीच्या मधोमध गेल्या, हंडीच्या बरोबर खाली बसल्या आणि पदर पसरला. वाकड्या मनगटाने पदराचं टोक नीट धरता येईना, म्हणून दुसऱ्या हाताने ते बोटांत खोचलं.

"प्रमिला, तिथून उठ," मामाजी म्हणाले. ते घाबरले होते. स्वतःच्या दोराला घाबरलेला डोमाजी मी कधी पाहिला नव्हता.

"काऊन? दरसालची जागा हाय माही."

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हो म्हटलं खरं, पण खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटत होती. ते गणित मी फळ्यावर शंभरदा सोडवलं होतं. पण त्या गणिताखाली माझी सासू कधी बसली नव्हती. पीळ कुठे नरम असेल तर? गाठ सरकली तर? मला तिथे उभं राहवेना. मी गेले आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले, आणि पदर पसरला. त्यांनी माझ्याकडे न बघता जरा सरकून जागा दिली.

"मारा हो महाराज काठी," त्या म्हणाल्या. "दही आंबून राह्यलं."

भिंतीशी कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटतं आनंदाबाईच असावी, कारण ती पहिली उठून आली. मग अण्णाजींच्या घरातली नलू आली, मग बाकीच्या. महाराजांनी काठी मारली. हंडी फुटली, दोर खाली-वर हेलकावला, लिंबाची पानं गळली, आणि डोक्यावर, खांद्यावर, पदरात दही आणि लाह्या. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दोर वर हलतच होता, खापराचा गळा तेवढा त्याला लोंबत होता, आणि टाळ वाजायला लागले होते.

मामाजी गर्दीतून आमच्याकडे आले. त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सासूबाईंसमोर येऊन उभे राहिले. सगळ्या गावासमोर ते कमरेतून वाकले, आणि बायकोच्या पदरातला काला बोटांनी उचलून तोंडात घातला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पदर थोडा वर उचलून धरला, त्यांना फार वाकावं लागू नये म्हणून.